तिसरं पाणी

बाई आमच्या धुलाई विभागाच्या मुख्य म्हणून खाली आल्या, त्या दिवशी त्यांच्या गळ्यात शिवणकामाची टेप तशीच लोंबत होती. घाईत काढायची राहिली असेल, असं आम्हाला वाटलं. दुसऱ्या दिवशीही ती गळ्यात होतीच. मग आमच्या इस्त्रीवालीने दुपारच्या आत त्यांचं नाव ठेवलं, 'मोजपट्टी', आणि आम्ही सगळ्यांनी मिळून नावं ठेवायला सुरुवात केली.

खाली म्हणजे रुग्णालयाचं तळघर. वर चार मजल्यांवर माणसं आजारी पडलेली असायची आणि त्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, झगे, पडदे असं सगळं लोखंडी गाड्यांतून आमच्याकडे उतरायचं. आम्ही अकरा जण. कपडे निवडणाऱ्या तिघी, मशीनवर मी आणि आणखी एक, पाणी पिळून काढणाऱ्या भोवऱ्यावर दोघे, रोलरच्या इस्त्रीवर तिघी, आणि बॉयलरवर काका. काकांचे कान वाफेच्या फुत्काराने अर्धे गेले होते, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे. नाव ठेवणारी ती इस्त्रीवाली मात्र सगळ्यांशीच ओरडून बोलायची. तिला आम्ही 'रेडिओ' म्हणायचो, आणि तिला ते चालायचं.

बाई एकोणीस वर्षं तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणखोलीत होत्या. फाटलेल्या चादरींना ठिगळ लावायचं, झग्यांच्या नाड्या बसवायच्या, हे त्यांचं काम. आमचे आधीचे साहेब निवृत्त झाले, बाहेरून घ्यायला कुणी मिळेना, म्हणून अधीक्षकांनी त्यांना तात्पुरतं खाली पाठवलं. वर्षभर काम बघू, मग कायम करू, असं ठरलं होतं. मला वाटलं, सुईदोऱ्यावाली बाई, चार महिन्यांत पळून जाईल.

आधीच्या साहेबांबद्दल सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता, पण काचेच्या केबिनमधून बाहेर यायचा तो फक्त ओरडायला. भिंतीवर त्यांनी नोटिसा लावल्या होत्या. पाणी वाचवा. साबण जपून वापरा. पर्यावरणाचे रक्षण ही आपली जबाबदारी. प्रत्येक नोटीस प्लास्टिकमध्ये बंद केलेली. वाफेने प्लास्टिक सुटायचं आणि साहेब पुन्हा नव्या प्लास्टिकमध्ये नवी नोटीस लावायचे. त्या वाचायला आम्हाला वेळ नव्हता. आम्हाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. चादरीवर डाग राहिला, तर वॉर्डातून फोन येणार, साहेब बाहेर येणार आणि अकरा जणांसमोर ज्याची त्याची हजेरी घेणार. साबण वाहून गेला, तर कुणी विचारणार नाही. म्हणून मी प्रत्येक फेरीला साबणाचा एक मग जास्त टाकायचो. ब्लीचही सढळ हाताने. तो जास्तीचा मग खरं तर भीतीचा होता.

बाईंनी पहिला आठवडा केबिनचं कुलूपच काढलं नाही. रोज एका जागेवर यायच्या. सोमवारी निवडणाऱ्यांबरोबर, हातमोजे घालून, घाणीत कोपरापर्यंत. मंगळवारी माझ्याकडे.

"साबण किती घालता?"

"अंदाजाने."

"कुणाच्या?"

"हाताच्या," मी म्हटलं. मला वाटलं, आता भाषण सुरू होईल. त्यांनी साबणाचा मग हातात घेतला, आत बोट घालून खोली बघितली, गळ्यातली टेप लावली आणि कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "आजचा दिवस मी घालते. तुम्ही सांगाल तेवढाच. चालेल?"

दिवसभर त्यांनी मी सांगेन तेवढाच साबण घातला. संध्याकाळी त्यांचे हात लाल झाले होते. माझे हात बारा वर्षं तसेच होते, पण दुसऱ्याच्या हातावर ते बघितल्यावर मला जरा कसंतरी झालं. त्यांनी फक्त विचारलं, "रात्री आग होते का हो हातांची?" हा प्रश्न मला माझ्या बायकोशिवाय कुणी विचारला नव्हता.

आमचा चहा साडेदहाला. उलट्या केलेल्या गाड्यांवर बसून आम्ही तो प्यायचो, साहेब केबिनमध्ये प्यायचे. बाई आमच्यात येऊन बसल्या, तेव्हा रेडिओसुद्धा मिनिटभर गप्प झाली. त्यांच्या मांडीवर एक चादर होती. त्यांनी ती उजेडासमोर धरली. चाळणी झाली होती नुसती.

"ही सात महिन्यांपूर्वी नवी आली," त्या म्हणाल्या. "मी वर बसून हिला चार वेळा रफू केलं. माणसांच्या अंगाखाली फाटली असती तर मध्येच फाटली असती, पाठ टेकते तिथे. ही कडेपर्यंत सारखीच विरलीय. ही वापरून फाटली नाही. धुऊन फाटली."

मी मान खाली घातली. आता आपली पाळी, असं मला वाटलं. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"मला धुण्यातलं कळत नाही," त्या म्हणाल्या. "शिवणातलं कळतं. तुम्ही इथे दहा-दहा, वीस-वीस वर्षं आहात. कमी पाण्यात, कमी साबणात कसं होईल, ते तुम्हाला माहीत असणार. सांगा."

असं कुणी विचारलं की गप्प बसायचं, हे आम्ही शिकलो होतो. बोलणाऱ्याच्याच गळ्यात काम पडतं. बाईंनी चहा संपवला, कप धुतला आणि म्हणाल्या, "बरं. उद्या विचारते." दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच विचारलं. तिसऱ्या दिवशीही. रेडिओ माझ्या कानाला लागून म्हणाली, "ही बाई थकणार नाही हं. आपणच थकू."

चौथ्या दिवशी काका बोलले. त्यांना स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसे, म्हणून ते एकदम मोठ्याने म्हणाले, "तिसरं पाणी!"

"काय म्हणालात काका?" बाई त्यांच्या जवळ सरकल्या.

"चादरी तीन पाण्यांतून काढतो आपण. पहिल्याला फेस, दुसऱ्याला थोडा, तिसरं पाणी जवळजवळ स्वच्छ. ते आपण गटारात सोडतो. मग पुढची घाण चादर भिजवायला नळाचं नवं, पिण्याचं पाणी घेतो. घाण भिजवायला पिण्याचं पाणी कशाला? तिसरं पाणी साठवा आणि त्यात भिजवा."

"हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं होतं का?"

काका हसले. "अकरा वर्षं झाली. साहेब म्हणाले, तुझं काम बॉयलर, तू बॉयलर बघ. मग मी बॉयलर बघितला."

बाई उठल्या. "मला दाखवा, कुठून काढायचं ते." आणि काकांच्या मागोमाग त्या मशीनच्या पाठीमागे गेल्या, जिथे आम्हीसुद्धा नाइलाज असेल तरच जायचो. अर्ध्या तासाने दोघं बाहेर आले ते कोळ्याच्या जाळ्यांनी माखून. काका हात हलवून काहीतरी समजावत होते आणि बाई टेपने मोजत होत्या.

पुढचे दोन महिने त्यांनी माणसं जमवली. स्वयंपाकघरातली टाकून दिलेली एक मोठी टाकी त्यांनी मागून आणली. रुग्णालयाच्या प्लंबरला रोज चहाला बोलावून पाइप बसवून घेतला. संसर्ग बघणाऱ्या सिस्टरकडून त्यांनी लेखी घेतलं की रक्ताचे आणि संसर्गाचे कपडे कोपऱ्यातल्या वेगळ्या लहान मशीनवरच धुवायचे आणि त्यांचं पाणी या टाकीत कधीही जाणार नाही. प्रयोगासाठी एकच मशीन निवडलं. माझं.

मला ते नको होतं, आणि मी तसं सांगितलं.

"का नको?" बाईंनी विचारलं. रागाने नाही, खरंच कळून घ्यायचं म्हणून.

"अजून एक व्हॉल्व्ह. तिसऱ्या पाण्याला उघडायचा, मग बंद करायचा. दिवसाला दहा फेऱ्या. कधीतरी चुकणार. चुकलं की मान माझी."

"मान माझी," बाई म्हणाल्या. "उघडबंद तुम्ही करा, बिघडलं तर उत्तर मी देईन."

असं सगळेच म्हणतात, मी मनात म्हटलं. पण नाही म्हणायलाही काही उरलं नाही.

पहिल्यांदा टाकी भरली, तो दिवस मला आठवतो. काका बॉयलर सोडून आले. त्यांनी बाही वर केली, टाकीत हात घातला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. पाणी अजून कोमट होतं. "बघा," ते म्हणाले, "हे एवढं सगळं सोडून देत होतो." रेडिओने काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि काकांचा चेहरा बघून मिटलं.

मग एकेक सुचायला लागलं. साबणाच्या मगावर आम्ही दोन रेघा मारल्या, एक साध्या चादरींसाठी, एक मळक्यांसाठी. रेघा कुठे मारायच्या, ते बाईंनी ठरवलं नाही. मला पंधरा दिवस रोज थोडा थोडा कमी घालायला सांगितलं, आणि डाग राहिला की तिथे थांबायचं. डाग राहिला त्या दिवशी वॉर्डातून फोन आला. बाईंनी तो घेतला आणि म्हणाल्या, "हो, आम्हीच कमी केला होता. आत्ता दुसरी चादर पाठवते." फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. "सापडली आपली रेघ." बारा वर्षांत डाग राहिल्यावर कुणी खूश झालेलं मी पहिल्यांदा बघितलं.

निवडणाऱ्या तिघींनी सांगितलं की वॉर्डातून न वापरलेल्या चादरीही खाली येतात, घडीसकट. रेडिओ स्वतः वर गेली आणि सगळ्या मजल्यांवर आपल्या आवाजात ते सांगून आली. पुढच्या आठवड्यात घडीसकट चादरी यायच्या जवळजवळ बंद झाल्या. ज्या आल्या, त्या घाबरून आल्या असाव्यात.

आणि मग तो बुधवार आला.

सकाळी माझं भावाशी फोनवर भांडण झालं होतं. आईला आता कुणी ठेवायचं, यावरून. तो म्हणाला, तुझं घर मोठं. मी म्हटलं, तुझं मन मोठं असायला हवं होतं. असं काय काय. तोच विषय डोक्यात घोळवत मी मशीनवर उभा होतो. तिसरं पाणी टाकीत सोडलं आणि व्हॉल्व्ह बंद करायला विसरलो. पुढच्या फेरीला शस्त्रक्रियेच्या खोलीचे हिरवे झगे होते, नवे कोरे, अजून कुणी न घातलेले. कोऱ्या कापडाचा रंग पहिल्या धुण्यात सुटतो. ते सगळं हिरवं पाणी टाकीत गेलं. त्यानंतर मुलांच्या वॉर्डाच्या पांढऱ्या चादरी मी त्याच पाण्यात भिजवल्या, आणि वर गरम पाण्यात फिरवल्या.

मी मशीनचं दार उघडलं. साठ चादरी. सगळ्या फिकट हिरव्या, शेवाळल्यासारख्या.

मुलांच्या वॉर्डात त्या दुपारी घालायला चादरी नव्हत्या. मोठ्यांच्या वॉर्डातून उसन्या आणाव्या लागल्या. तासाभरात अधीक्षक स्वतः तळघरात उतरले. ते कधी उतरत नसत. पायऱ्यांवरचा त्यांच्या बुटांचा आवाज आला आणि आम्ही अकरा जण आपापल्या जागी ताठ झालो.

"हे कुणी केलं?" त्यांनी ओली हिरवी चादर उचलून विचारलं.

मी तोंड उघडलं असतं का? आज म्हणावंसं वाटतं, उघडलं असतं. पण खरं सांगायचं तर मी जमिनीकडे बघत उभा होतो.

"धुण्याची पद्धत मी बदलली," बाई म्हणाल्या. "व्हॉल्व्ह चुकून उघडा राहू शकतो, याचा विचार मी आधी करायला हवा होता. मी केला नाही. चूक माझी."

"मशीनवर कोण होतं?"

"विभाग माझा आहे, सर."

अधीक्षकांनी दोनदा विचारलं. दोन्हीदा तेच उत्तर. त्यांनी सगळा प्रकार बंद करायला सांगितला आणि गेले. संध्याकाळी बाईंच्या नावाने लेखी ताकीद आली. कायम करायचा विचार सहा महिने पुढे ढकलला, असंही त्यात होतं. हे आम्हाला बाईंनी सांगितलं नाही. पत्र घेऊन आलेल्या शिपायाने सांगितलं.

त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो नाही. बायकोने विचारलं, तर तिच्यावरच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर आलो. बाई त्याआधीच आल्या होत्या. मशीनच्या पाठीमागे, त्या व्हॉल्व्हसमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "भाऊ, हा कुठे असता तर तुम्ही विसरला नसता?"

मला वाटलं होतं, त्या म्हणतील, लक्ष कुठे होतं तुमचं. मी त्याची उत्तरं रात्रभर तयार केली होती. त्यात हा प्रश्न नव्हता. मग मी विचार करायला लागलो. किती वर्षांनी कामाचा असा विचार करत होतो, कोण जाणे.

"समोर," मी म्हणालो. "दार बंद करायचा दांडा आहे ना, त्याच्या आड. उघडा असेल तर दांडा फिरणारच नाही, असा. म्हणजे पुढची फेरी सुरूच होणार नाही."

"काढून दाखवा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो चिटोरा आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

प्लंबरबरोबर तीन दिवस खपून मी ते बसवलं. बाई अधीक्षकांकडे तीनदा गेल्या आणि टाकी पुन्हा महिनाभर चालवून बघायची परवानगी मागून घेतली. पुन्हा कधी ते पाणी हिरवं झालं नाही. हिरव्या चादरींचं मात्र काय करायचं ते कुणालाच कळेना. ब्लीच करून बघितलं असतं तर त्या चाळणी झाल्या असत्या. बाईंनी त्या तशाच मुलांच्या वॉर्डात पाठवल्या, सिस्टरांची माफी मागून. आठ दिवसांनी तिथल्या सिस्टरचा फोन आला. पोरं हिरव्या चादरीसाठी भांडतात, अजून आहेत का?

त्या पहिल्या दीड वर्षात बाई एकदाच आजारी पडल्या. तापाने आठवडाभर अंथरुणावर होत्या. भांडाराच्या किल्ल्या त्यांच्याकडे राहिल्या होत्या, त्या आणायला मी त्यांच्या घरी गेलो. रुग्णालयाच्या मागून जो ओढा जातो, त्याच्या काठाकाठाने अर्धा तास चालल्यावर त्यांचं घर लागतं. दोन खोल्या. त्या, त्यांचा मुलगा, सून, आणि सासरे. नवरा पूर्वीच गेलेला. सासरे मागच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. पाय अधू, पण डोळे टवटवीत.

"धुलाईतले का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो, आजोबा."

"मग या, इकडे बसा. तुमची ओळख जुनीच आहे माझी." त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. खाली ओढा होता. "पूर्वी सोमवारी दुपारी या ओढ्याला पांढरी दाढी यायची. हा एवढा फेस. मी सुनेला म्हणायचो, आज तुमच्याकडे बराच मळ निघाला वाटतं. आता दाढी गेली, नुसत्या मिशा राहिल्यात."

मी खिडकीशी उभा राहिलो. काठाच्या दगडांना फेसाची बारीक किनार होती. माझा फेस. बारा वर्षं मी टाकलेला तो जास्तीचा मग इथून, या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोरून जात होता, आणि मला वाटत होतं की गटारात टाकलं म्हणजे संपलं.

आतल्या खोलीत बाई उशीला टेकून बसल्या होत्या. मी विचारलं, "बाई, हे तुम्ही आम्हाला कधीच का नाही सांगितलं? पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर आम्ही..."

"तर तुम्ही माझ्यासाठी केलं असतं," त्या म्हणाल्या. ताप होता, आवाज बसलेला होता. "बाईंचं घर आहे म्हणून. मी आज घरी आहे. आज काय केलंत?"

मला आठवावं लागलं. कारण आम्ही वेगळं असं काही केलंच नव्हतं. सकाळी काकांनी टाकी बघितली होती, मी रेघेपर्यंत साबण घातला होता, रेडिओने वर जाऊन एका वॉर्डाशी भांडण केलं होतं.

"नेहमीचंच," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले आणि हसल्या. निघताना आजोबांनी माझ्याकडून विभागाचा फोन नंबर घेतला. मला वाटलं, सुनेच्या काळजीने घेतला असेल. पुढच्याच महिन्यात फोन वाजला आणि रेडिओने उचलला. "आज मिशा वाढल्यात," पलीकडून आजोबा म्हणाले. "काय झालं?" शोधलं तर दुसऱ्या मशीनवरच्या नव्या माणसाला रेघेचं कुणी सांगितलंच नव्हतं.

बाईंना कायम करायची वाढवलेली सहा महिन्यांची मुदत संपत आली, तशी माझी झोप उडाली. ताकिदीचं पत्र त्यांच्या फाइलमध्ये होतं. अधीक्षक काय लिहितील, कुणाला ठाऊक. काकांनी एकदा चहाच्या वेळी माझ्याकडे बघितलं. ओरडले नाहीत, ओठांनीच म्हणाले, "जा."

मी गेलो. अधीक्षकांच्या खोलीबाहेर पाऊण तास बसलो. आत गेल्यावर खुर्चीवर बसायला सांगितलं तरी उभाच राहिलो.

"सर, त्या बुधवारी व्हॉल्व्ह मी उघडा ठेवला होता. बाईंचा काही संबंध नव्हता. त्या दिवशी मी बोललो नाही."

त्यांनी चष्मा काढला. "इतके दिवस का थांबलात?"

"भीती वाटली."

"आणि आज?"

"आजही वाटतेय," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "मी त्यांना खाजगीत बोलावून तिसऱ्यांदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, नाव सांगितलं तर उद्यापासून खाली कुणी नवीन काही करून बघणार नाही. मला तेव्हा ते उद्धटपणाचं वाटलं होतं." त्यांनी माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या. मलाही ताकीद मिळाली. ती मी अजून जपून ठेवलीय. बाईंची ताकीद फाइलमधून निघाली आणि दोन आठवड्यांनी त्या कायम झाल्या.

त्यांना कळलं तेव्हा त्या माझ्यावर चिडल्या. एवढ्या वर्षांत एकदाच. "कशाला गेलात? घरी आई आलीय ना तुमच्याकडे? नोकरीवर गदा आली असती तर?" आई माझ्याकडे राहायला आल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. कुणीतरी सांगितलं असणार, बहुतेक ज्या आवाजात सगळं सांगितलं जातं त्या आवाजात. त्या टेपशी चाळा करत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्यापासून दुसऱ्या मशीनला पण तुमचा दांडा बसवायचाय. तुम्हीच बसवा. मला जमणार नाही." आणि पदराने डोळे पुसत केबिनकडे गेल्या, जिचं कुलूप त्यांनी एव्हाना काढलं होतं, पण फक्त आमचे डबे ठेवायला.

पुढे त्या सहा वर्षं होत्या. ओढा काही आरशासारखा झाला नाही. वरच्या अंगाला रंगकाम करणारे कारखाने आहेत, बाजार आहे, त्यांचं पाणी येतंच. पण आमच्या वाटणीचं कमी झालं. चादरी दीड-दोन वर्षं टिकायला लागल्या. माझे हात बरे झाले. काका निवृत्त झाले तेव्हा आम्ही टाकीवर मोठ्या अक्षरांत 'काकांची टाकी' असं रंगवलं, आणि त्यांनी ते वाचून आम्हाला शुद्धलेखनाची एक चूक दाखवली. आता धुलाईची मुख्य रेडिओ आहे. बाई विचारून वाट बघायच्या. रेडिओ विचारते आणि उत्तर येईपर्यंत स्वतःच बोलत राहते. पण विचारते, आणि डाग राहिल्याचा फोन आला की स्वतः घेते.

बाईंच्या शेवटच्या दिवशी वर सभागृहात निरोप समारंभ झाला. अधीक्षक बोलले, दोन सिस्टर बोलल्या. बाईंना बोलायला उभं केलं तर त्या म्हणाल्या, "मला शिवणातलं कळतं," आणि पुढे काही सुचेना म्हणून बसल्या. सुट्टी झाल्यावर आम्ही अकरा जण त्यांना घरी पोचवायला निघालो. कुणी ठरवलं नव्हतं. ओढ्याच्या काठाने एकामागून एक चालत होतो, वाट अरुंद होती. बाई मध्येच थांबून कुणाच्या पोराची शाळा, कुणाच्या गुडघ्याचं दुखणं विचारत होत्या.

घरी पोचलो तर आजोबा खिडकीशी खुर्चीतच झोपले होते. मान एका बाजूला कललेली. त्यांना जाग येऊ नये म्हणून आम्ही चपला हातात घेऊन दारातच उभे राहिलो. बाईंनी आत जाऊन त्यांच्या मानेखाली उशी सरकवली, पायांवर चादर ओढली आणि आमच्यासाठी पाण्याचा तांब्या बाहेर आणला. तो हातोहाती फिरला. सगळ्यांना पुरला.